उजवीकडचं काळं

२१ नोव्हेंबर, गोलमे

वहिनी, पाकीट तुम्हीच फोडणार आणि वाचूनही तुम्हीच दाखवणार, म्हणून आधी तुमच्याशी बोलते. जसं लिहिलंय तसं वाचा. मध्ये स्वतःचं घालू नका, टोचेल ते गाळू नका आणि वाचताना सुस्कारे टाकू नका. तुमचे सुस्कारे मला इथे बसूनही ऐकू येतात.

आता त्यांना सांगा, पिल-सूनचं पत्र आहे.

नमस्कार लिहावा की नाही, ह्यावर बराच वेळ अडले होते. शेवटी राहू दिला. तुमची होडी बंधाऱ्याच्या दगडांवर चढली आणि माझा नवरा गेला, त्याला ह्या हिवाळ्यात अकरा वर्षं होतील. एवढ्यात आपल्यात एक शब्द नाही. तुमचे डोळे पुरते गेले, तुम्ही बुसानला राहायला गेलात, अंधांच्या शाळेत मालिश शिकलात, आता लोकांच्या पाठी रगडता, हे सगळं मला कळत गेलं. मी विचारलं नव्हतं. तुमची बहीण म्हणून लोक मला सांगतात. मी मान-सूची बायकोही आहे, हे त्यांच्या सोयीने विसरतात.

एकच विचारायचंय. डोळे जायला लागले तेव्हा सगळ्यात आधी काय झालं?

मी माझ्यासाठी विचारत नाही. गोसोंगवाली आठवते ना? गोसोंगहून लग्न होऊन आलेली, आमच्या शेडमध्ये माझ्या शेजारी बसून कालवं फोडते ती. तिलाही तुमच्यासारखी साखर आहे. गोळ्या घेते, कधी विसरते. शेडमध्ये हात गोठतात म्हणून ती पाकिटातली गोड कॉफी दिवसभर ढोसत असते. तर तिच्या उजव्या डोळ्यापुढे हल्ली काळा दोरा तरंगतो. माशी समजून ती हात झटकते. डोळा फिरवला की दोरा फिरतो, डोळा थांबला की सावकाश खाली बसतो. आणि अंधारात समोरून गाडी आली की तिच्या दिव्यांना काटे फुटतात. मला म्हणाली, "तुझ्या भावाला असंच झालं होतं का ग? विचार की." म्हणून विचारते.

फोन करू नका. तुमचा आवाज मला नको आहे. लिहून पाठवा. पत्ता तोच आहे, मी कुठे जाणार?

पिल-सून

१० डिसेंबर

पत्र मिळालं. अक्षर वहिनीचं, पण शब्द तुमचे हे पहिल्या ओळीलाच कळलं. तुम्ही पहिल्यापासून असेच, भांडं आपटल्यासारखं बोलणारे.

"आधी काही काळं-बिळं दिसलं नाही. आधी होडीवरची काठी वाकडी दिसली. मी मान-सूला म्हणालो, ही कोणी वाकवली रे? तो म्हणाला, सरळ तर आहे. मग काजळीचे ठिपके. मग ठिपक्यांना पाय फुटले. दुखलं कधीच नाही. दुखलं असतं तर गेलो असतो डॉक्टरकडे. गोसोंगवालीला म्हणावं, उद्याच्या उद्या डोळे दाखव. आणि गाडी चालवू नकोस."

गोसोंगवालीला गाडी चालवता येत नाही. तिला सायकलसुद्धा येत नाही, हे तुम्हाला चांगलं माहीत आहे. आणि वहिनी, तुम्ही खाली कंसात लिहिलंत, "पिल-सून, खोटं बोलणं तुझं काम नाही." कंस घालू नका म्हटलं होतं ना?

बरं. मीच.

मान-सू गेल्यावर मी गाडी शिकले. तेव्हापासून शेडची गाडी माझ्याकडे आहे. हंगामात पहाटे निघायचं, समुद्राकाठच्या रस्त्याने एकेका वाडीवरून बायका गोळा करायच्या, उजाडायच्या आत शेडवर पोचवायच्या. मग मीही त्यांच्यातच बसून सुरी धरायची. हे मी माझ्या हिमतीवर उभं केलं. आणि तू मला सांगतोस, गाडी चालवू नकोस? तू? ज्याने

इथे पुसून पुन्हा "तुम्ही" लिहिणार होते. राहू दे आता.

मला दिसतं. नीट ऐक, मला दिसतं. दिवसा तर काहीच त्रास नाही. पहाटे थोडं जड जातं, पण तो रस्ता माझ्या अंगात आहे. आणि गोसोंगवाली पुढच्या सीटवर बसते, तिच्या तोंडाचा पट्टा चालू असतो, त्यामुळे झोप लागायची भीती नाही. "हे बघ, पेअरबागेचं वळण आलं, इथंच माझ्या नवऱ्याने मला स्कूटरवरून पाडलं होतं, आणि मेला मागे न बघता तसाच पुढे गेला!" "पुलावर आज कोणाची तरी मोटार उभी आहे बाई, अर्धा रस्ता अडवलाय, बापाचा आहे काय?" मागच्या बायका ओरडतात, "अगं, झोपू दे की जरा!" ती ऐकत नाही. रोज तेच. तुला सांगते, कधीकधी वाटतं तिला उतरवून द्यावं.

डॉक्टरकडे का गेले नाही, ते तूच समजशील. तालुक्याच्या दवाखान्यात साखर तपासायला जाते तेव्हा तिथली बाई दर वेळी म्हणते, "आजी, डोळे दाखवले का?" मी म्हणते, दाखवले. डॉक्टरने तुला सांगितलं त्या दिवशी तू आंधळा झालास. त्याच्या आदल्या दिवसापर्यंत तू होडीचा तांडेल होतास.

अजून एक आहे. वहिनी, हे हळू वाचा.

दोरा आता दोरा राहिला नाही. तो जाड होत होत माणसाएवढा झालाय आणि उजव्या कडेला उभा असतो. डोक्यावर टोपी असावी तसा वरचा गोळा, खाली रेनकोटचे उतरते खांदे. मी सरळ बघायला गेले की बाजूला सरकतो. मान-सू असाच होता. समोरासमोर काही विचारलं की जागेवरून उठून जायचा. काल भांडी घासताना तो फ्रिजपाशी उभा होता, तेव्हा मी म्हटलं, "उभा का? बस की." मग माझी मलाच भीती वाटली आणि मी टीव्ही मोठा केला.

तुझ्या डोळ्यांत कोण उभं होतं?

पिल-सून

३ जानेवारी

आज ओळी वाकड्या जातायत. वहिनीला अक्षर लागलं नाही तर तिने अंदाजाने वाचावं.

परवा पहाटे दाट धुकं होतं. गाडी भरलेली. मागच्या सीटवर थोआ होती, ली-वाल्यांची सून, व्हिएतनामहून आलेली. तिला सहावा महिना चालू आहे. सासू म्हणते घरी बस, ती म्हणते बसून काय करू. मीच तिला म्हटलं होतं, "चल माझ्या गाडीतून, सावकाश नेते."

पेअरबाग ओलांडली. मी हळूच चालले होते. आणि तो रस्त्याच्या मध्ये आला. कडेला नाही, मध्ये. रेनकोट घातलेला, पाठमोरा. मी सगळं अंग ब्रेकवर टाकलं.

गाडी आडवी झाली. गोसोंगवाली पट्टा लावत नाही, पोटाला काचतो म्हणते. तिचं कपाळ काचेवर आपटलं. मागे बायका एकमेकींवर पडल्या. थोआ दोन सीटच्या मध्ये गुडघ्यांवर होती, दोन्ही हात पोटाला लावून. ती ओरडली नाही. ती आपल्या भाषेत काहीतरी पुटपुटत होती, एकच शब्द, पुन्हा पुन्हा.

"काय झालं ग?"

"हरीण," मी म्हटलं. "हरीण आडवं आलं."

"कुठाय?"

"पळालं."

सगळ्या काचा पुसून बाहेर धुक्यात बघायला लागल्या. आणि दादा, त्यांतली एक म्हणाली, "हो हो, मी पाहिलं! शेपूट पाहिलं मी!"

गोसोंगवालीने काच पुसली नाही. कपाळावरून रक्त येत होतं ते तिने बाहीने पुसलं आणि समोर बघत राहिली. रस्ता रिकामा होता.

थोआला दुपारी दवाखान्यात नेलं. पोर सुखरूप आहे, म्हणाले. तिने येऊन मला वाकून नमस्कार केला, मी वेळेवर ब्रेक लावला म्हणून. मला तिच्याकडे बघवेना.

होडीच्या चौकशीच्या वेळी तू म्हणाला होतास, "धुकं होतं." दोनच शब्द. पुढे मोठ्या इस्पितळातून बातमी आली, की तुझे डोळे वर्षभर आधीपासूनच बिघडलेले होते, आणि तेव्हापासून मी त्या दोन शब्दांचा द्वेष करत आले. मला वाटायचं, असं खोटं बोलायला माणसाला किती तयारी करावी लागत असेल, रात्ररात्र जागावं लागत असेल. काही लागत नाही रे. "हरीण" माझ्या तोंडातून असं आलं, जसं काही ते खरंच तिथे होतं.

ह्याचा अर्थ मी तुला माफ केलं असा नाही. तो काढू नकोस.

पण एक विचारते, जे मी आजवर कोणालाच विचारलं नाही. मान-सू इंजिनवाला होता. त्याची जागा मागे, इंजिनापाशी, उबेला. त्या संध्याकाळी तो होडीच्या पुढच्या टोकाला काय करत होता? एवढ्या थंडीत तिथे कोणी उभं राहत नाही.

पिल-सून

२० जानेवारी

वहिनी, ह्या वेळी तुम्ही कंस घातला नाहीत. तेव्हाच मला कळलं की हे खरं आहे.

तरी तुम्ही लिहिलेलं मी पुन्हा इथे उतरून काढते. माझ्या हाताने लिहिल्याशिवाय माझा विश्वास बसणार नाही.

"मान-सूला माहीत होतं. चुसोकच्या, सुगीच्या सणापासून माहीत होतं. मी जेवणाच्या ताटात चॉपस्टिक भलतीकडे नेली, ते त्याने पाहिलं. कोणाला बोलला नाही. दुसऱ्या दिवशी होडीवर म्हणाला, हा एक हंगाम काढू. संध्याकाळी परत येताना मी पुढे उभा राहतो, सांगेन तसं वळव. तुझं लायसन गेलं की होडी गेली, मग आपण दोघं काय करणार? मी म्हणालो, पिल-सूनला सांग. तो म्हणाला, वेडा की काय, ती गावभर करेल."

"ती गावभर करेल." हे तुला बनवता येणार नाही, दादा. हे त्याचंच वाक्य. त्याच्या आईचं दुखणं असो, नाहीतर दाताची कीड, प्रत्येक गोष्ट तो माझ्यापासून ह्याच वाक्याने लपवायचा.

म्हणजे तो सगळा हंगाम रोज घरी येत होता, माझ्या हातचं जेवत होता, पायांना गरम पाणी मागत होता, आणि रोज तुझे डोळे होऊन पुढे उभा राहत होता. आणि मला म्हणायचा, "आज वारा फार होता."

मी तुझ्यावर चिडायला बसले होते. पत्र लिहायलाही घेतलं होतं. पण चिडायला गेले की राग तुझ्यावरून सरकतो आणि त्याच्यावर जातो. आणि त्याच्यावर तरी किती चिडू? मेलेल्या माणसाशी भांडताना शेवटचा शब्द त्याचाच असतो. रात्री तो पुन्हा फ्रिजपाशी उभा होता. मी त्याच्याकडे पाठ केली. पाठ केली तरी तो डोळ्यातच, मग पुढे आला. शेवटी डोळे मिटले. मिटल्यावरही एक तांबूस काळोख हलत राहिला, पाण्यात शाई सोडल्यासारखा.

तुझं पत्र आल्यापासून मी गाडीत गोसोंगवालीचं बोलणं ऐकतेय. आधी नुसतं कानावर पडायचं, आता ऐकतेय. "पेअरबागेचं वळण आलं" ती नेमकं वळणाच्या अलीकडे म्हणते. "पुलावर मोटार आहे" पुलाच्या आधी. कपाळाला टाके पडले तरी तिने एक दिवस चुकवला नाही. आणि त्या दिवशीच्या धुक्यात, आता मला आठवतंय, ती म्हणत होती, "मोकळा आहे ग रस्ता, अगदी मोकळा आहे, माझ्या नवऱ्याच्या डोक्यासारखा." हे ती बोलत असतानाच मी ब्रेक दाबला होता.

उद्या तिला विचारणार आहे. मला धीर होऊ दे.

पिल-सून

११ फेब्रुवारी

विचारलं.

शेडमध्ये दोघी समोरासमोर होतो, मध्ये कालवांचा ढीग. मी सुरी खाली ठेवली आणि म्हटलं, "गोसोंगवाली, तुला कधीपासून माहीत आहे?"

तिने मान वर केली नाही. एक शिंपला उघडला, गर भांड्यात टाकला. "कॉफीत साखर समजून मीठ घातलंस आणि तसंच प्यायलीस त्या दिवसापासून."

"मग बोलली का नाहीस?"

"रोज बोलतच होते की! तुला काय वाटलं, मला हौस आहे एवढी? घसा बसतो माझा. घरी गेल्यावर म्हातारा म्हणतो, आज मुकी झालीस काय?"

"आणि बायका? थोआ? तुला भीती नाही वाटली?"

आता तिने सुरी ठेवली. कपाळावरची खूण अजून लाल आहे. म्हणाली, "वाटली. रोज वाटली. पण तुला सांगितलं असतं तर तू मला गाडीतून उतरवलं असतंस आणि एकटीने चालवली असतीस. तुला काय मी आज ओळखते?"

खरं आहे. मी तुला लिहिलंच होतं, तिला उतरवून द्यावंसं वाटतं.

मी उठले आणि तशीच ओल्या हातमोज्यांनी शेडच्या मालकाकडे, ओ शेठकडे गेले. सगळ्या बायका बघत होत्या. चावी त्याच्या टेबलावर ठेवली आणि मोठ्याने सांगितलं, कारण हळू सांगितलं असतं तर पुन्हा कुठेतरी हरीण आलं असतं. "माझे डोळे बिघडलेत. त्या दिवशी हरीण नव्हतं. काहीच नव्हतं."

सगळ्या सुऱ्या थांबल्या. पाण्याचा नळ तेवढा चालू होता. मग जिने शेपूट पाहिलं होतं तीच सगळ्यात आधी ओरडली, "आमच्या जिवाशी खेळत होतीस होय ग, बया!" बाकीच्या पुटपुटल्या. थोआला सगळं कळलं नाही, तिने शेजारणीला विचारलं, शेजारणीने हातवारे करून सांगितलं. थोआ माझ्याकडे बघत राहिली. मग तिने आपला पाट आणि भांडं उचललं आणि शेडच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसली. अजून तिथेच बसते. मी तिला काय म्हणू? मी तुझ्यापासून अकरा वर्षं लांब बसले होते.

दोन दिवसांनी गोसोंगवाली मला बसने जिंजूच्या डोळ्यांच्या इस्पितळात घेऊन गेली. डोळ्यांत औषध घातलं, बाहुल्या मोठ्या झाल्या, सगळं जग दुधात बुडालं. मग डोळ्याच्या आतला फोटो काढला. डॉक्टरीण तरुण आहे, माझ्या लेकीच्या, ह्ये-जूच्या वयाची. तिने फोटो दाखवला. मला वाटलं होतं काळं असेल. नारिंगी आहे, आतून सगळं नारिंगी, एखाद्या फळासारखं, आणि त्यावर जागोजाग रक्ताचे ठिपके. उजव्या डोळ्यात मोठा डाग.

"हे रक्त आहे, आजी. साखरेने बारीक नसा कमजोर होतात, नव्या फुटतात त्या कच्च्या असतात, गळतात. तुम्हाला कडेला काही दिसत असेल."

"माणूस दिसतो," मी म्हटलं.

ती हसली नाही. "किती दिवस?"

"हिवाळाभर."

"तुम्ही गाडी चालवत नाही ना?"

गोसोंगवाली मध्येच म्हणाली, "चालवत होती. आता नाही. आता पायी चालताना तरी नीट बघते का ते विचारा."

डावा डोळाही बिघडलाय, पण वेळेत आलात म्हणाली. लेझर केलं, एकेक डोळा वेगळ्या दिवशी. हिरव्या विजा चमकतात, आणि डोळ्याच्या कडांना दुखतं. दुखलं तेव्हा मला बरं वाटलं, खरं सांगते. नंतर डोळ्यात सुई. डोळ्यात सुई म्हटल्यावर मी खुर्ची एवढी घट्ट धरली की परिचारिका म्हणाली, "खुर्ची ठेवा हं आमची." कळलंसुद्धा नाही कधी टोचली. दर महिन्याला घ्यायची आहे, किती महिने ते सांगत नाहीत. डावा राहील असं म्हणतात. उजव्यात मधोमध राखाडी ठिपका राहणार.

रात्री झोपताना खोलीतल्या वस्तू एकदा बघून घेते. घड्याळ, ह्ये-जूचा फोटो, खिडकीची चौकट सरळ आहे का. सकाळी उठल्यावर पुन्हा मोजून घेतल्यासारख्या. ह्ये-जू फोनवर म्हणते, "आई, उगाच काळजी करू नकोस." मी म्हणते, नाही करत. उगाच नाही करत.

मान-सूचं श्राद्ध ह्या महिन्याच्या शेवटी आहे. ह्ये-जू येणार आहे. तुम्ही दोघं यायचं असेल तर या. वहिनी, पक्वान्नं आणू नका, घरात एकाला तरी गोड चालायला हवं ना.

पिल-सून

७ मार्च

दादा,

तुम्ही पोचल्याचं वहिनीने फोनवर सांगितलं. मागून तुझा आवाज येत होता, चपला कुठे ठेवल्या म्हणून. तोंडाने जे झालं नाही ते लिहून पाठवते.

तू दारात उभा राहिलास तेव्हा मी तुला ओळखलं नाही. केस सगळे पांढरे, खांदे रुंद झालेले, मालिश करून करून. वहिनीचा हात सोडून तू भिंतीला हात लावलास आणि चौकट चाचपत आत आलास. आमच्या घराची भिंत तुला आठवत होती. ह्ये-जूने तुला वाकून नमस्कार केला, पण मामा म्हणाली नाही. तिला वेळ लागेल. कदाचित नाहीही म्हणणार.

पूजेचं ताट मांडलं. भात, सूप, मासा, पेअर, दारूचा पेला. मृताला यायला दार उघडं ठेवतात म्हणून थंडी आत येत होती. ह्ये-जूने दारू ओतली. आम्ही वाकलो, तूही वाकलास, आणि वाकलेलाच राहिलास. वहिनीने तुझ्या पाठीवर हात ठेवला तरी उठला नाहीस.

लेझरनंतर हळूहळू रक्त विरत गेलं. कडेला उभा राहणारा आता नाही. ह्यात आनंदच आहे, असं सगळे म्हणतात. पण त्या संध्याकाळी मी उघड्या दाराकडे उजव्या डोळ्याने बघत होते, डावा झाकून. नुसता राखाडी ठिपका. मी त्याच्याकडे पाठ केली होती म्हणून गेला, असं एकदा वाटून गेलं. डॉक्टरणीला हे सांगता येत नाही.

जेवणं झाल्यावर ह्ये-जू आणि वहिनी भांडी घासायला गेल्या आणि मी तुला विचारलं, "तो शेवटचं काय बोलला?"

तुझे हात मांडीवर होते, अंगठे एकमेकांवर फिरत होते. मग म्हणालास:

"उजवीकडे घे, म्हणाला. दोनदा म्हणाला. धुकं होतं, पण आवाज स्वच्छ येत होता. मी ऐकलं."

"मग?"

"उजवीकडे मला काळं दिसत होतं. मोठं, उभं, बंधाऱ्यासारखं. डावीकडे मोकळं. मला वाटलं, हा चुकतोय. मी डावीकडे घेतली." मग तू म्हणालास, "ते काळं पाण्यात नव्हतं, पिल-सून. माझ्या डोळ्यात होतं."

मी उठून गेले. तू समजलास की मी रागावले. वहिनीही समजली, म्हणून ती दुसऱ्या दिवशी सकाळीच निघायची घाई करायला लागली.

मी मागच्या अंगणात जाऊन उभी होते. मला ओरडायचं होतं. मान-सू तुला नीट सांगत होता आणि तू त्याचं ऐकलं नाहीस, ह्याहून वाईट मी आजवर काही ऐकलेलं नाही. हे मी विसरणार नाही, विसरेन असं तुला सांगणारही नाही. पण त्याच वेळी मला गोसोंगवाली ऐकू येत होती, रस्ता मोकळा आहे ग, अगदी मोकळा आहे. कान शाबूत होते माझे. रस्त्यात उभं होतं ते मला दिसत होतं, आणि दिसतंय त्याला खोटं कोण म्हणणार? माझ्या गाडीत कोणी मेलं नाही, एवढाच आपल्यात फरक आहे. तो माझ्या हुशारीने पडलेला नाही.

एवढंच मला तिथे सांगायचं होतं.

आता कामाचं. पुढच्या गुरुवारी जिंजूला माझी पुढची सुई आहे. गोसोंगवाली दर वेळी येते, पण ह्या वेळी तिच्या म्हाताऱ्याला ताप आहे आणि ती खोटं बोलून यायला निघेल, म्हणून मीच तिला नको म्हटलंय. ह्ये-जूला सुट्टी नाही. बुसानहून जिंजूला थेट बस आहे, वहिनी तुला बसवून देईल. मी स्टँडवर येईन. डाव्या डोळ्याने तू मला सहज सापडशील.

औषध घातल्यावर पुढचे काही तास मलाही काही दिसत नाही. तेव्हा परत बसपर्यंत कोणी कोणाला न्यायचं, ते तिथे ठरवू. तुझी काठी आण. मला ती कशी धरायची ते बघायचंय.

पिल-सून